दोन भोकं आणि मिक्केलबोर्गबाईंच्या चादरी

"पाइप म्हणजे शेवटी काय हो? लाकडाच्या तुकड्याला पाडलेली दोन भोकं!" असं मी सासऱ्यांच्या घरी, रविवारच्या कॉफीला, केकचा दुसरा तुकडा तोंडात असताना म्हणालो.

केक तोंडात नसता तर मी बोललोच नसतो. तोंड रिकामं असलं की माणूस विचार करून बोलतो.

माझे सासरे आस्मुस यांना आमचं सगळं लुनहाउन गाव 'कप्तान' म्हणतं. आमच्या बंदरावरून समोरच्या बेटावर जाणारी फेरीबोट त्यांनी आयुष्यभर चालवली. हा प्रवास इतका लांब की पलीकडे पोचेपर्यंत कपातली कॉफी कोमटसुद्धा होत नाही. पण कप्तान आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, मधे दोन-तीन महासागर लागतात. त्या रविवारी त्यांनी कोपनहेगनहून मागवलेला हाताने घडवलेला नवा पाइप आणला होता. तो टेबलाभोवती हातोहात फिरत होता आणि नवीन जन्मलेल्या बाळाकडे बघावं तसं प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता. "किती गुळगुळीत!" "रेषा बघा लाकडातल्या!" मी पाइप ओढत नाही. धूर नाकात गेला तरी मला ठसका लागतो. तेव्हा बाळ माझ्याकडे आलं आणि मी ते वाक्य बोललो.

कप्तानांनी पाइप माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"दोनच भोकं होय?" ते म्हणाले. "मग जावईबापू, ऑगस्टात माझी पंच्याहत्तरी आहे. तुझ्या हातचा एक होऊन जाऊ दे. दोनच तर भोकं!"

सगळे हसले. त्याचं मला काही वाटलं नाही. पण माझी बायको बोडिलही हसली, आणि ती सगळ्यांच्यानंतर थांबली.

मी नगरपालिकेत कुंपणांच्या खात्यात आहे. कुणाचं कुंपण किती उंच असावं, शेजाऱ्याच्या बागेत किती वाकावं, हे मी ठरवतो. सांगायला साधं वाटतं, पण डेन्मार्कमध्ये माणसं कुंपणासाठी जितकी भांडतात तितकी वारशासाठी भांडत नाहीत. अशा जबाबदारीच्या जागेवरचा माणूस एक पाइप करू शकणार नाही? मी त्याच संध्याकाळी कामाला लागलो. म्हणजे, सल्ले ऐकायला लागलो.

आम्ही राहतो ती इमारत चार मजल्यांची, सहकारी सोसायटीची. जिन्यात कुणी काही हातात घेऊन चढताना दिसलं की दारं उघडतात. तळमजल्यावरचे पोस्टमन म्हणाले, चेरीचं लाकूड घे. बेकरीवाला म्हणाला, चेरीचं अजिबात नको, त्याच्या मामाने चेरीचा पाइप केला होता, तो पहिल्याच दिवशी पेटला आणि मिशीही घेऊन गेला. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त दातांचे डॉक्टर व्हिगो राहतात. त्यांनी मला जिन्यातच थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ब्रायर! दुसरं काही नाही. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची गाठ असते ती, मुळातली. जळत नाही, फुटत नाही. माणसाच्या दाढेपेक्षा घट्ट." मग चष्मा पुन्हा नाकावर ओढून म्हणाले, "काही दाढांपेक्षा, म्हणजे."

मी इटलीतल्या एका व्यापाऱ्याकडून ब्रायरचे पाच ठोकळे मागवले. ते आले, पण माझ्यापर्यंत आले नाहीत. बंदरावरच्या जकात कचेरीतून चिठ्ठी आली की स्वतः हजर व्हा.

खिडकीमागच्या साहेबांनी पार्सलवर बोट ठेवलं. "यावर 'मुळं' असं लिहिलंय."

"हो. ब्रायरची मुळं."

"म्हणजे वनस्पती."

"होती. आता नुसतं लाकूड आहे."

"लाकूड आहे तर मुळं का लिहिलंय? जिवंत आहेत का?"

"अहो, दिवसभर कढईत उकळून काढलेली आहेत!"

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "उकळलेली? मग आधी सांगायचं ना! खाद्यपदार्थांची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या बाई चीज आणि सॉसेजवाल्या. त्यांनी ठोकळा हुंगून बघितला. "कसं खातात हे?"

"खात नाहीत. ओढतात."

"मग तंबाखूचं खातं. वरचा मजला."

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पार्सल उलटंसुलटं केलं. "यात तंबाखू कुठाय?"

"ती नंतर भरायची."

"बरं," ते म्हणाले, "मग भरल्यावर या."

मी स्वतः सरकारी माणूस आहे. कुंपणाच्या उंचीवरून मीही माणसांना तीन टेबलं फिरवलेलं आहे. पण इतक्या सफाईने, इतक्या गोड आवाजात, मला ते कधी जमलेलं नाही. बाहेर पडताना मला राग येण्याऐवजी आदर वाटला. राग बंदराच्या पुलावर आला.

शेवटी एक वनस्पती-तपासनीस आले. ते तरुण आणि फार प्रामाणिक होते. त्यांनी ठरवलं की एक ठोकळा कुंडीत लावायचा, पाणी घालायचं आणि कोंब फुटतो का बघायचं. नाही फुटला, तर बाकीचे चार माझे. महिनाभर तो ठोकळा त्यांच्या खिडकीत, जिरॅनियमच्या शेजारी, बसला. मी अधूनमधून त्याला बघायला जायचो. तपासनीस काचेतून मान हलवून 'अजून नाही' असं सांगायचे, आणि जुलै येऊन पडला.

चार ठोकळे घरी आले त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर हातड्रिल मांडलं. पाइपची गोष्ट अशी आहे की वरून तंबाखूची वाटी कोरायची आणि बाजूच्या दांडीतून धुराचं बारीक भोक असं न्यायचं की ते वाटीच्या अगदी तळाशी जाऊन भेटावं. जरा वर नको, जरा खाली नको. माझं भोक वाटीला न भेटता शेजारून निघून गेलं, ठोकळ्याच्या बाहेर आलं आणि टेबलात शिरलं.

बोडिलने ठोकळा उचलून एका डोळ्याने आरपार बघितलं. पलीकडे तिला मी दिसलो. "याला खिडकी कशाला रे?" तिने विचारलं. "बाबांना ओढता ओढता बाहेर बघायचंय का?"

ड्रिलचा आवाज ऐकून व्हिगो खाली आले. त्यांनी माझा ठोकळा बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते पूर्वी वर्षभर दात न घासलेल्यांकडे पाहत असत. मग ते वर गेले, आणि आपलं पायाने चालवायचं जुनं दाताचं ड्रिल दोन फेऱ्यांत खाली घेऊन आले.

"वाटी म्हणजे काय? किडलेली दाढ," ते म्हणाले. "मी आयुष्यभर अंधाऱ्या तोंडात ड्रिल चालवलं. हे तर उघड्यावर आहे, आणि जीभ मधे येत नाही."

त्यांनी ठोकळा शिकंज्यात पकडला, दिवा जवळ ओढला, पाय हलवायला लागले आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर हात वर करायचा." मी हात वर केला, कारण माझं बोट शिकंज्यात होतं.

दुसऱ्या ठोकळ्यात भोक सरळ पडलं, पण आत लाकूडच पोकळ निघालं. तिसरा शिकंज्यातच उभा चिरला. त्याला मी जरा जास्त घट्ट आवळलं होतं. चौथ्यात भोक वाटीच्या तळाशी बरोब्बर जाऊन भेटलं. व्हिगोंनी फुंकर मारून बघितली, डोळे मिटले आणि "आहाहा!" म्हणाले. फक्त बाहेरच्या बाजूला एक बारीकशी खळी होती. ब्रायरमध्ये अशा खळ्या असतातच. पण व्हिगोंना उघडी खळी बघवत नाही. ते वर गेले, सोन्याचा एक कण घेऊन आले आणि खळी भरून टाकली.

"हे सोनं कुणाचं?" मी विचारलं.

"दातांच्या डॉक्टरला असं विचारत नाहीत," व्हिगो म्हणाले.

आता उरलं घासकाम. ते घरात करायला बोडिलने मनाई केली, कारण तेव्हापर्यंत टेबलाला चार भोकं पडली होती. (चौथं व्हिगोंचं. पण ते कुणी मोजलं नाही.) म्हणून मी तळघरात गेलो. आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून धुलाईची खोली आहे, आणि तिच्यापलीकडे कपडे वाळत घालायची. तिथे हवा खेळती असते, म्हणून मी तीच निवडली. मी खिडकी उघडी ठेवून, शिटी वाजवत, कानस आणि सँडपेपर चालवत होतो. ब्रायरची भुकटी फार बारीक असते, तांबूस, पिठासारखी. ती खाली पडत नाही. ती आधी तरंगते, विचार करते, आणि मग जिथे ओलं पांढरं कापड दिसेल तिथे जाऊन बसते.

त्या दिवशी मिक्केलबोर्गबाईंचा धुण्याचा वार होता.

मिक्केलबोर्गबाई म्हणजे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षा. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निम्मं लुनहाउन त्यांच्या हाताखालून गेलंय, आणि नगराध्यक्षसुद्धा रस्त्यात त्या दिसल्या की खिशातले हात बाहेर काढतात. त्यांच्या दुलयांच्या खोळी, उशांचे अभ्रे, त्यांच्या आईने भरतकाम केलेल्या सणाच्या चादरी, सगळं दोरीवर होतं. संध्याकाळी ते सगळं सॅमन माशाच्या तांबूस रंगाचं झालेलं होतं.

त्या आमच्या दारात आल्या तेव्हा हातावर एक चादर होती, घडी घातलेली. त्या ओरडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "टोर्किल." शाळेत त्या मला शिकवायला नव्हत्या, मी दुसऱ्या गावचा. तरी माझे हात खिशातून बाहेर आले.

सोसायटीची तातडीची सभा धुलाईच्याच खोलीत भरली. गुन्ह्याची जागा सगळ्यांना बघता यावी म्हणून. कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे वेटोळे पाव आले. डेन्मार्कमध्ये माणसाला फाशी द्यायची असली तरी आधी कॉफी होते.

पोस्टमन म्हणाले, "मी चेरीचं सांगितलं होतं. चेरीची भुकटी फिकट असते."

बेकरीवाल्याची बायको म्हणाली, "मला तर तो रंग आवडला. आमचेही अभ्रे टाकून बघता येतील का?"

"प्रश्न रंगाचा नाही," मिक्केलबोर्गबाई म्हणाल्या. "प्रश्न असा आहे की तळघरात धूम्रपानाला बंदी आहे. पाइप तयार करणं हे धूम्रपानात येतं का?"

"पाइप रिकामा आहे, बाई," मी म्हणालो.

"दारूची बाटली रिकामी असली तरी वर्गात चालत नाही."

पण व्हिगो उठले. त्यांनी सभेला सांगितलं की हा पाइप अर्धवट टाकणं म्हणजे उघडलेल्या दाढेसकट रोग्याला खुर्चीवरून घरी पाठवणं होय, आणि आपल्या सगळ्या कारकिर्दीत असं त्यांनी एकदाही केलेलं नाही. सभेतले बरेच जण त्यांचे रोगी होते. त्यांनी आपापले गाल चाचपले आणि मत माझ्या बाजूने दिलं.

निकाल असा लागला: तळघरातली जुनी कोळशाची खोली, जी आता कुणी वापरत नाही, ती मला मिळावी, आणि मिक्केलबोर्गबाईंच्या सगळ्या चादरी पुन्हा पांढऱ्या होईपर्यंत त्या मी धुवाव्यात. बोडिलने हात वर करून निकालाला पाठिंबा दिला. दोन्ही हात वर केले, असं व्हिगो म्हणतात. मी तिकडे बघितलं नाही.

तेव्हापासून मी दिवसा कुंपणं बघायचो, संध्याकाळी चादरी उकळायचो आणि मधल्या वेळात कोळशाच्या खोलीत पाइप घासायचो. तो खरोखरच देखणा होत चालला होता, हे मी अभिमानाने सांगतो. वाटी हातात बसत होती, दांडी किंचित वाकलेली, सोन्याचा ठिपका बरोबर अंगठ्याखाली. इथे मी थांबायला हवं होतं. सगळ्यांनी तेच सांगितलं. पण आतापर्यंत लाकूड इटलीचं, भोक व्हिगोंचं, सोनं देव जाणे कुणाचं. यात माझं असं काय होतं? म्हणून मी रंग द्यायचं ठरवलं. चांभाराकडून चामड्याचा रंग आणला, गडद वाइनच्या छटेचा.

रंग पाइपवर सुंदर बसला. माझ्या हातांवर त्याहून सुंदर बसला. साबण, रॉकेल, लिंबू, वाळू, सगळं झालं. मनगटापर्यंत लाल ते लालच. दुसऱ्या दिवशी कचेरीत एक शेतकरी कुंपणाची तक्रार घेऊन आला होता. त्याने माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि म्हणाला, "साहेब, राहू द्या. शेजाऱ्याशी मी गोडीगुलाबीने बोलून घेईन." माझ्या नोकरीत इतक्या झटपट निकाली निघालेलं ते एकमेव प्रकरण.

ऑगस्टातला तो शनिवार उजाडला. सासऱ्यांच्या अंगणात झेंडा चढला. लांबच लांब टेबल, लोणच्यातला हेरिंग मासा, काळी ब्रेड, बर्फात गार केलेली दारू. नातेवाइकांनी कप्तानांवर रचलेलं गाणं सगळ्यांनी कागद हातात धरून म्हटलं. त्यात फेरीबोटीच्या वादळाचं एक कडवं होतं, जे दर वाढदिवसाला थोडं थोडं वाढतं. गावच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. व्हिगो आणि मिक्केलबोर्गबाई यांनाही आमंत्रण होतं. व्हिगो तर कप्तानांचे जुने डॉक्टरच, आणि बाईंना न बोलावता लुनहाउनमध्ये कुणाचीच पंच्याहत्तरी होत नाही.

मी हातमोजे घालून पाइप पुढे केला. ऑगस्टात.

कप्तानांनी तो घेतला. उलटा करून बघितला. अंगठा फिरवला. भोकात डोळा लावला. मग खिशातून तंबाखू काढली, भरली, दाबली, काडी लावली. त्यांनी एक झुरका घेतला, दुसरा घेतला आणि धूर हळू सोडला.

"वाईट नाही," ते म्हणाले.

आमच्या गावात याच्या वरचं कौतुक नसतं. लग्नात नवरा नवरीला हेच म्हणतो. बोडिलने टेबलाखालून माझा हात दाबला, मोज्यासकट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं; थोडं धुरानेही असेल.

कप्तान भाषणाला उभे राहिले. पाइप तोंडात, बाहेर, पुन्हा तोंडात. मी बघत होतो. पाइप तापला होता, आणि तापला की तो रंग सोडत होता. आधी त्यांच्या ओठाचा कोपरा लाल झाला. मग खालचा ओठ. त्यांची पांढरीशुभ्र मिशी, जिला सगळं बंदर ओळखतं, ती एका बाजूने वाइनच्या रंगाची व्हायला लागली. ते बोलताना भावनावश झाले, त्यांनी त्याच हाताने डोळे पुसले, नाक पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले. शेजारी बसलेल्या मेहुणीने तोंडात रुमाल कोंबला. फोटोवाला फोटो काढत सुटला. बोडिलचा हात माझ्या हातातून निघून गेला आणि तिचा पाय माझ्या नडगीवर आला.

"...आणि समुद्राने मला एकच शिकवलं," कप्तान म्हणत होते, "माणसाने आपला चेहरा कायम स्वच्छ ठेवावा."

मिक्केलबोर्गबाई उठल्या. त्यांनी पर्समधला छोटा आरसा काढला आणि कप्तानांपुढे धरला.

कप्तानांनी आरशात बघितलं, मग पाइपकडे बघितलं.

"भोक कुणी पाडलं?" त्यांनी विचारलं.

"मी," व्हिगो म्हणाले.

"उत्तम भोक आहे. आणि हा सोन्याचा ठिपका? काय कल्पना आहे!"

"तीही माझीच," व्हिगो लाजून म्हणाले.

"रंग?"

सगळे माझ्या हातमोज्यांकडे बघत होते. मी ते काढले.

मग कप्तान हसायला लागले. त्यांचं हसू सुरू झालं की भोंग्यासारखं लांबतं. तेवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना माझ्यावर हसताना बघितलं होतं, माझ्यासोबत नव्हतं. ते टेबलाला वळसा घालून आले, माझा लाल हात आपल्या लाल हातात घेतला आणि फोटोवाल्याला म्हणाले, "हा काढ." मग पाइप पुन्हा पेटवला आणि मिशीची पर्वा न करता संपेपर्यंत ओढला.

"उद्या येतो मी," निघताना ते मला म्हणाले. "ती कोळशाची खोली बघायची आहे."

ते दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. आता ते रोज सकाळच्या बसने येतात, डबा घेऊन. व्हिगो ड्रिल चालवतात, कप्तान घासतात, आणि मिक्केलबोर्गबाई (त्या पूर्वीपासून चिरूट ओढतात, हे आम्हाला तेव्हा कळलं) खुर्चीत बसून प्रत्येक पाइप ओढून बघतात आणि गुण देतात. 'चांगला' हा शेरा अजून कुणाला मिळालेला नाही. तळघरातल्या धूम्रपानबंदीवर सभा झाली. कोळशाची खोली तळघरात येत नाही, ती तळघराला लागून आहे, असं बाईंनी ठरवून दिलं.

मी एकदा सहज कानस उचलायला गेलो. कप्तानांनी ती प्रेमाने काढून घेतली. "तू राहू दे रे, जावईबापू. तुझा तो जकातवाल्यांशी बोलायचा हात चांगला आहे. पुढचे ठोकळे कधी सुटतायत?" तेव्हापासून माझ्याकडे तेवढंच खातं आहे. ते आणि चादरी, कारण तीन जण कामाला लागल्यावर भुकटी तिप्पट उडते.

परवा संध्याकाळी मी घरी खुर्चीत बसलो होतो. खालून ड्रिलचा आवाज येत होता, मधूनच तो भोंगा, मधूनच बाईंचं खोकणं. बोडिल विणत होती. तिने विणकाम मांडीवर ठेवून माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती.

"टोर्किल," ती म्हणाली, "बाबांकडे बघ. पंच्याहत्तरीला छंद लागला आणि माणूस कसा दहा वर्षांनी तरुण झाला! तू मात्र कचेरीतून आलास की नुसता बसून असतोस. तूही काहीतरी सुरू कर की. हाताने करण्यासारखं."